आचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार

मला 'सर' म्हणवून घ्यायचं होतं. बाकी समाजाचं ऋण, ज्येष्ठांचं सक्षमीकरण वगैरे कारणं मी पत्रकात छापली, कारण पत्रकात तसंच छापतात. कंपनीच्या ईडीपी खात्यात उभी हयात कोबोलचे प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात गेली. तिथे मला आडनावाने हाक मारत, तीही काहीतरी बंद पडल्यावर. आमच्या घराण्यात जो तो मास्तर. लग्नाकार्यात कोणीतरी येऊन वाकून नमस्कार करतो आणि काकांचा चेहरा असा काही उजळतो की मला जेवण गोड लागत नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रात फलक लावला : 'रोजच्या वापराचे आणि हौसेचे तंत्रज्ञान. दर शनिवारी. मोफत.' खाली माझं नाव वरच्या मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरात आलं. ते रंगाऱ्याने केलं. मी फक्त हरकत घेतली नाही.

पुण्यात 'मोफत' वाचून माणूस आधी सावध होतो. एका काकांनी दारातूनच विचारलं, "यात तुमचं काय?"

"काही नाही, हौस."

"नगरसेवकाला उभे राहताय?"

"नाही हो."

"विमा?"

तोही नाही म्हटल्यावर ते शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरून बसले. अजून तिथेच बसतात. संशय पूर्ण फिटलेला नाही, पण हजेरी सगळ्यांत चोख त्यांचीच.

पहिल्या वर्गासाठी मी संगणकाचा इतिहास तयार केला होता. पडद्यावर चार्ल्स बॅबेज आला. पुढच्या रांगेतल्या आजींनी चष्मा वर सरकवून विचारलं, "तुमचे वडील का?" मी नाही म्हणालो. "मग राहू द्या," त्या म्हणाल्या, "माझ्या फोनची रिंग वाजत नाही, ते आधी बघा." बाजूचं बटण त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने दाबलं, फोन खणखणला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. बॅबेजला त्या आयुष्यात एवढ्या मिळाल्या नसतील. त्याचं यंत्र पुरंही झालं नव्हतं.

तेव्हापासून अभ्यासक्रम वर्ग ठरवतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं, आणि पुढे फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवायची सोय झाली. सोय छान आहे. फक्त घरच्या घरी करायचं तर ॲप आधी 'ऑपरेटर'चा चेहरा मागतं आणि मग पेन्शनरचा, आणि दोघेही आपणच. म्हणजे आधी मी मला ओळखायचं, मग मी जिवंत आहे का ते पाहायचं. वर डोळ्यांची उघडझाप हवी. आमच्यातले एक निवृत्त फौजदार आयुष्यभर भल्याभल्यांसमोर पापणी न लववता उभे राहिले; त्यांना यंत्र जिवंत मानीना. शेवटी त्यांच्या सौ. कानाशी काहीतरी पुटपुटल्या. पापणी लवली. काय पुटपुटल्या हे वर्गाने अनेकदा विचारलं, पण ते गोपनीयतेच्या धड्यात बसतं.

आता थोडं विषयांतर. थोडं म्हणजे बरंच. या विषयावर आलो की मी वर्गातही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून उभा राहतो.

वर्गात एक निवृत्त टंकलेखिका आहेत. मराठीची मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा पास, तीही गोदरेजच्या मशिनवर. गोदरेजने भारतात टाइपरायटर बनवायला १९५५ साली सुरुवात केली. शेवटी शेवटी ते आपल्या शिरवळला बनत, आणि २०११ साली तो धंदा आटोपल्याची बातमी जगभर छापून आली. त्या जागी मग फ्रिज. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तरीच! आमच्या फ्रिजचं दार लावलं की कॅरेज परत आल्यासारखं वाजतं."

त्या मशिनवर अक्षरं आयती मिळत नसत, बांधावी लागत. अर्धा ग मारायचा, मग काना, तेव्हा कुठे पुरा ग उभा राहायचा. पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी. 'किती' लिहिताना आधी वेलांटी, मागून क. आजच्या इनस्क्रिप्ट कळपाटीवर उलटं : आधी क, मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं, ती उचलून मागे नेऊन बसवायचं काम यंत्र करतं. हे बाईंच्या बोटांना मान्य नाही. "वेलांटी आधी," त्या मला बजावतात, "साहेबांची सही त्याच्यावर व्हायची."

माझा इनस्क्रिप्टवर फार जीव. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. कवर शिफ्ट दाबली की ख, गवर घ, तवर थ. कोणा व्यवस्थित माणसाने घराची मांडणी करावी तसं सगळं जागच्या जागी. आणि मांडणी भारतातल्या बहुतेक लिप्यांना एकच, म्हणजे मराठी बसली की तेलुगूसाठी बोटं तयार. तेलुगू येत नाही ही बाब वेगळी. पण खरा दागिना पुढे आहे. रवर शिफ्ट दाबली की येतो ऱ. 'दुसऱ्या'मधला, 'वाऱ्यावर'मधला, 'तऱ्हा'मधला. हिंदीला तो लागत नाही, म्हणून फोन तो आपण होऊन वाढत नाही, आणि लोक बिनदिक्कत 'दुसर्या' लिहून मोकळे होतात. युनिकोडच्या तक्त्यात तो ०९३१ या क्रमांकाच्या घरात राहतो. गंमत म्हणजे त्या घरावर पाटी आहे द्राविडी भाषांतल्या र ची; आपण मराठी माणसं तिथे अर्ध्या रूपात भाड्याने राहतो. हे सांगताना मला दर वेळी गहिवरून येतं. वर्गातले काही लोक तेव्हा डोळे मिटून ऐकतात. दुपारची वेळ असते, आणि मी त्यातला चांगला अर्थ घेतो.

शेवटच्या रांगेतल्या काकांनी मात्र ऱ मनावर घेतला. सापडेल तिथे घातला. गुरुपौर्णिमेला पहाटे वर्गाच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला : 'आमच्या आचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार.' लगेच खाली टंकलेखिकाबाईंचा शेरा : 'ऱ बरोबर काढलाय. माणूस चुकलाय.'

मी त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवला आहे. आचारी तर आचारी. आभार मनःपूर्वक होते, आणि आमच्या घराण्यात कोणालाच अजून लेखी मिळालेले नाहीत.

वर्गात नियम एकच : दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही. मी हात पाठीमागे बांधून फिरतो, त्यामुळे मुख्याध्यापकासारखा दिसतो असं मला वाटतं, पण नियम त्यासाठी नाही. इथे येणारा प्रत्येक जण घरून दोन शब्द ऐकून आलेला असतो : "दे इकडे." मुलगा म्हणतो, सून म्हणते, आठवीतला नातू म्हणतो. फोन हातातून जातो, चार ठिकाणी बोट फिरतं आणि परत येतो. "झालं." काय झालं, ते कळत नाही. विचारावं तर समोरचा स्वतःच्या फोनमध्ये परत गेलेला असतो. माझी मुलगी मलाही असंच म्हणते. फरक इतकाच की "बाबा, द्या इकडे," असं आदराने म्हणते. मी, ज्याने कंपनीचा सगळा पगार कोबोलमध्ये बसवला!

या मुलांना काय वाटतं? यांनाही 'अ' कोणीतरी गिरवायला लावला होता. पाटीवर वाकडा निघाला तर हात धरला होता, पाटी काढून घेतली नव्हती. हे मी वर्गात बोलत नाही, कारण बोललो की आवाज चढतो, आणि मग वर्गातल्या काकूच उलट समजूत घालतात की मुलांना वेळ नसतो हो, त्यांची कामं किती.

एक गृहस्थ मात्र वर्ग सुटल्यावर मागे राहिले. बूट घालायला फार वेळ लावला. त्यांना व्हिडिओ कॉलवर गणवेशातल्या माणसाने दिवसभर 'अटकेत' ठेवलं होतं. फोन बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही. कायद्यात अशी अटकच नाही. हे त्यांना नंतर पेपरातून कळलं. तोवर ठेव मोडून झाली होती. १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावं तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. त्यांनी कळवलंच नव्हतं. का, विचारलं तर खालमानेने म्हणाले, "मुलाला समजलं असतं. त्याने हा फोन काढून घेऊन बटणांचा आणून दिला असता." पैसे गेल्याचं त्यांनी मनाशी मिटवलं होतं. फोन जाईल, याची धास्ती मात्र त्या दिवशीही चेहऱ्यावर होती.

तेव्हापासून वर्गाची सुरुवात दोन वाक्यांनी होते. 'पैसे घ्यायला पिन लागत नाही. व्हिडिओवर अटक होत नाही.' सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं. शनिवारी आमच्यानंतर हॉल भजनी मंडळाकडे असतो. त्यातले दोघे लवकर येऊन बसतात आणि टाळ धरतात. दुसऱ्या ओळीला ठेका बरा बसतो.

हौसेच्या बाजूला प्रगती आहे. एका काकूंनी ठिपक्यांच्या रांगोळीचा टाइम-लॅप्स केला. खुर्चीच्या पाठीला फोन नाडीने बांधला, जमीन पुसून ठिपके घातले. मधे मांजर आलं, तेही राहू दिलं. सगळी रांगोळी वीस सेकंदांत उमलली. मला वाटलं, काकू हरखतील. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "माझी कंबर गेली दोन तास, ती कुठे दिसतच नाही यात." सुनेने तो स्टेटसला ठेवला, त्यावर बदाम आले, ते काकूंनी मोजले. सून वर्गाची चौकशी करून गेली, असं काकांकडून कळलं. तिला मी कुठल्या पक्षाचा आहे ते हवं होतं.

राहता राहिला आमचा ग्रुप. वर्ग आठवड्यातून एकदा, तेवढ्याने ज्ञान टिकत नाही, म्हणून मी रोज पहाटे सहाला 'आजची टीप' पाठवू लागलो. टीप चित्रावर लिहायची, कारण नुसता मजकूर कोणी वाचत नाही. चित्र म्हणजे बहुधा मीच, फळ्याशेजारी. मागे सूर्योदय घातला, कारण मागची भिंत पुसून सूर्योदय घालायला मी नुकताच शिकलो होतो.

परवा वर्गात प्रश्न आला : "सर, कोणाला न कळता ग्रुप सोडता येतो का?"

प्रश्न अचूक आणि उपयोगी. मी खुलून सांगितलं की २०२२ पासून येतो. आधी 'अमुक यांनी ग्रुप सोडला' असं सगळ्यांना दिसायचं आणि भावकीत ताण यायचा. आता बाकीच्यांना सूचना जात नाही, फक्त ॲडमिनला जाते. पायऱ्या फळ्यावर लिहून दिल्या. एरवी फळ्याचे फोटो काढणारे दोघे-तिघे. त्या दिवशी सगळ्यांनी काढले. पुन्हा एकदा करून दाखवा, असा आग्रहही झाला. एवढी एकाग्रता मी ऱ च्या वेळी पाहिली नव्हती.

संध्याकाळी चहाला बसलो आणि फोन वाजू लागला. एक, दोन, मग सहा. ॲडमिन मीच. पायरी कुठे चुकली नव्हती, सगळ्यांचं पहिल्या फटक्यात जमलं होतं. फौजदारसाहेब गेले. रांगोळीच्या काकू गेल्या. शेवटच्या रांगेतले काका सर्वांत आधी.

रात्री टंकलेखिकाबाईंचा स्वतंत्र संदेश आला, ऱ्हस्व-दीर्घ निर्दोष : 'सर, राग मानू नये. तुमचा सूर्योदय रोज डाउनलोड होतो, फोनमधली जागा भरते. शनिवारी येतेच आहे. वेलांटी आधी मारता येईल असा काही बंदोबस्त होतो का, तेवढं बघून ठेवावे.'