पैसे जास्त, सायकल कमी

डोंगरात चालवायची सायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न पुण्यातल्या सुशिक्षित माणसाने हातात घेतला की त्यात दोन पावसाळे जातात. पहिल्यात चाकाचा व्यास ठरतो, दुसऱ्यात बायकोला सांगायची किंमत. डोंगर कोणता, हा मुद्दा सोसायटीच्या सभेतल्या ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या कलमात असतो. तो वेळेअभावी राहून जातो.

चाकाचंच घ्या. या सायकली जन्मल्या तेव्हा चाक २६ इंचांचं होतं आणि वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. मग कळलं की २९ इंची चाक दगडधोंड्यांवरून सहज जातं. ज्यांनी २९ घेतलं त्यांना सांगण्यात आलं की ते वळणावर जड पडतं, म्हणून २७.५ आलं. लोकांनी २७.५ घेऊन होईस्तोवर २९ पुन्हा श्रेष्ठ ठरलं. हल्ली पुढे २९ आणि मागे २७.५ लावायची टूम आहे. महाराष्ट्रात तरी याला कुणी नावं ठेवू नयेत. आपल्याकडे सरकारंही याच मापाची चालतात.

किमतीचं शास्त्र याहून गहन आहे. आजोबांच्या काळ्या सायकलीला स्टँड, कॅरिअर, घंटी, मडगार्ड, चेनकव्हर सगळं असायचं. त्याहून जास्त पैसे टाकले की स्टँड आणि कॅरिअर जातं. आणखी टाकले की मडगार्ड जातं. पुढे दात्यांच्या तीन चकत्या असायच्या, त्यातल्या दोन काढून घ्यायचे वेगळे पैसे पडतात. मग टायरमधली ट्यूब जाते. त्याच्याही वर गेलात की गिअरची तार जाऊन बॅटरी येते, आणि मालक मोबाइलशेजारी सायकल चार्जिंगला लावून झोपतो. सगळ्यात वरच्या पायरीवर पेडलही जातं. हा विनोद नव्हे. उंची माउंटन बाइक सर्रास पेडलशिवाय विकतात, आणि वजन सांगतानाही पेडल बहुधा धरत नाहीत. ज्या भागावर पाय ठेवायचा तोच वगळला की कुठलीही सायकल हलकी होणार, एवढं विज्ञान आम्हालाही कळतं.

काही वस्तू वाढतात, नाही असं नाही. आधी पुढे शॉकअप येतो, मग मागे. मागचा आला की चढावर सायकल डुलायला लागते, म्हणून तो आवळून ठेवायची कळ येते. आधी शॉकअप हलावा म्हणून पैसे, मग हलू नये म्हणून पैसे.

कोनाचं तर विचारूच नका. हँडलखालची नळी नव्वदच्या दशकात साधारण ७१ अंशांत असे, आता ती ६५च्या आसपास कलली आहे. शाळेत भूमितीच्या तासाला मागच्या बाकावर झोपलेली माणसं आज अर्ध्या अंशावरून मैत्री तोडतात. शिमानोच्या गिअरची उतरंड त्यांना पाढ्यांसारखी पाठ असते: अलिव्हिओ, डिओर, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. एक्सटीवाला सगळ्यांशी प्रेमाने बोलतो. डिओरवाला ‘फरक फक्त वजनाचा असतो’ हे न विचारता सांगतो. अलिव्हिओवाला म्हणतो, “सध्या ही आहे.”

घरातून एकच प्रश्न येतो. “अहो, पण चालवणार कुठे?”

“समजा, उद्या स्पितीला गेलो तर?”

या ‘समजा’वर अख्खी बाजारपेठ उभी आहे. सायकल घेतली जाते ती समजलेल्या डोंगरासाठी, चालते वेताळ टेकडीवर. तीही गाडीच्या मागे रॅकला बांधून टेकडीपर्यंत नेली जाते, कारण रस्त्यावर जाड टायर झिजतात. पावसाळ्यात चिखल बेअरिंगमध्ये जातो म्हणून ती बाहेर निघत नाही, उन्हाळ्यात ऊन असतं. उरलेल्या महिन्यांत रविवार आणि लग्नं एकाच दिवशी येतात.

ज्यांनी हा खेळ सुरू केला त्यांच्याकडे एवढा अभ्यास नव्हता. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरांनी महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या, जाड टायरांच्या जुनाट स्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. १९७६मध्ये फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोहोचेपर्यंत तो असा तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी नवं ग्रीस भरावं लागे. त्यांतलेच जो ब्रीझ, गॅरी फिशर पुढे स्वतः सायकली बनवू लागले. १९८१मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर कारखान्यातून थेट दुकानात आली आणि निवड नावाची आपत्ती सुरू झाली. त्याआधी कोणती सायकल घ्यावी याचं उत्तर सोपं होतं: मिळाली ती.

आमच्या एका स्नेह्यांचंही अखेर ठरलं. सदतीस रकान्यांचा तक्ता झाला, तीन मॉडेलं उरली, त्यातलं एक निवडून ते दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, “साहेब, तुमच्या मापाची नाही. मागवली तर केव्हा येईल सांगता येत नाही. ही आहे. हिरवी.”

तक्त्यात ही नव्हती. तिचा कोन कुणी मोजला नव्हता. स्नेह्यांनी तिच्याकडे पाहिलं, बसून पाहिलं आणि पाच मिनिटांत कार्ड पुढे केलं. दोन पावसाळ्यांच्या अभ्यासानंतर तेही मरिनच्या पोरांच्याच निष्कर्षाला आले: मिळाली ती.

“पेडल कुठलं लावू?” दुकानदाराने विचारलं. “साधं सपाट, की बुटाला अडकणारं?”

साहेब गंभीर झाले.

“ते नका लावू एवढ्यात. जरा अभ्यास करून सांगतो.”