ॲडलर तारांगण : आप्पांच्या सूचनेनुसार फापटपसारा टाळून लिहिलेले पत्र

ॲडलर तारांगण हे शिकागो शहरात, मिशिगन सरोवरात घुसलेल्या भूशिराच्या टोकावर आहे. पश्चिम गोलार्धातील हे पहिले तारांगण १२ मे १९३० रोजी खुले झाले. घुमटावर आकाश पाडणारे झाइस कंपनीचे यंत्र १९२३ मध्ये म्युनिकला प्रथम दाखवले गेले. तसे यंत्र जर्मनीत पाहून मॅक्स ॲडलर यांनी शिकागोला देणगी दिली. ॲडलर मूळचे व्हायोलिनवादक. लग्नानंतर वाद्य बाजूला ठेवून ते बायकोच्या भावाकडे, सीअर्स रोबक कंपनीत शिरले. बंडूकाकाने हे उदाहरण लक्षात घ्यावे. मेहुण्याच्या दुकानात बसल्याने पेटीवादनाचे नुकसान होते खरे, पण शहराला तारांगण मिळू शकते.

आप्पा ज्या शाळेत शिकले, त्या पुण्याच्या टिळक रोडवरील न्यू इंग्लिश स्कूलचे तारांगण १९५४ चे. ते आशियातील पहिले, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. जपानात ओसाकाला १९३७ मध्येच तारांगण झाले होते. (आईने पत्र मोठ्याने वाचताना हे वाक्य गाळावे.)

इमारत बाराकोनी असून प्रत्येक कोपऱ्यावर एकेका राशीचे कांस्यशिल्प आहे. ‘तिकडे राशी-नक्षत्र काही पाळता की नाही?’ या आईच्या फोनवरील काळजीचे हे उत्तर समजावे. ओघाने सुधामावशीच्या नातीचा विषय येतो. मुलाकडच्यांनी मंगळाचे कारण सांगून नकार कळवल्याचे समजले. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या निम्म्याहून जेमतेम अधिक, गुरुत्वाकर्षण तर निम्म्याहूनही कमी. एवढ्या ऐवजावर तो इतक्या लांबून सांगलीतले लग्न मोडू शकतो, असे तारांगणातल्या निवेदकाच्या बोलण्यात कुठेही आले नाही. मुलाचे आधीच दुसरीकडे जमले होते, ही शोभाताईकडची बातमी जास्त पटण्यासारखी आहे.

येथे कुकरची तिसरी शिटी झाल्याने विवेचन थांबले. पुढील भाग भांडी आवरल्यावर लिहिला आहे.

गाडी उभी करणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. तारांगणाशेजारी फील्ड संग्रहालय, शेड मत्स्यालय आणि सोल्जर फील्ड हे फुटबॉलचे मैदान आहे. (हा फुटबॉल बहुतेक वेळ हातानेच खेळतात.) सामना असला की पार्किंगचे दर चढतात. त्या रकमेचे रुपये करू नयेत असा घरात ठराव झालेला आहे. तरी वत्सलाआत्याने केले. तेवढ्यात चौघांचे सांगली-पुणे-सांगली एसटीने झाले असते, असा तिचा हिशेब निघाला, आणि येथे गाडी तर जागची हललीसुद्धा नव्हती.

ठरावीक वेळी इलिनॉय राज्याच्या रहिवाशांना प्रवेश फुकट असतो, पण पत्त्याचा पुरावा दाखवावा लागतो. रेशनकार्डाच्या देशातून आलेल्यांना याचे नवल नाही. मात्र पाहुणी आलेली आत्या रहिवासी ठरत नाही. ‘मी यांच्याकडेच राहते’ असे तिने खणखणीत मराठीत सांगून पाहिले. नियम हलला नाही.

आत जेमिनी १२ हे खरे अंतराळयान आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात जिम लॉव्हेल आणि बझ ऑल्ड्रिन त्यात जवळपास चार दिवस होते. आत उभे राहण्याइतकी जागा नाही. दोन पुरुष, चार दिवस, आणि चहा कोणी केला याचा पाटीवर उल्लेख नाही, हा आत्याचा आक्षेप. दुसरे आकर्षण म्हणजे १९१३ चा ॲटवुड गोल. सुमारे ५ मीटर व्यासाच्या या धातूच्या गोलाला ६९२ भोके आहेत. आत बसले की बाहेरचा उजेड त्यांतून ताऱ्यांसारखा दिसतो, आणि गोल माणसांभोवती फिरतो.

शहरातले खरे आकाश दिव्यांमुळे रात्रीही विटके असते, म्हणून तारे तिकीट काढून पाहायचे. शिवाय ते आकाश सांगलीचे नव्हे. ध्रुव तारा सांगलीला क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर दिसतो, तर शिकागोत ४२ अंशांवर. एवढी मान वर करायची सवय अजून झालेली नाही. अगस्त्य मात्र येथे उगवतच नाही. फार तर क्षितिजाच्या चार-पाच अंश खालपर्यंत येऊन परत फिरतो. फेब्रुवारीत जेवणानंतर गच्चीवर आप्पा दक्षिणेला बोट करून दाखवतात, तोच हा. घुमटाखाली यंत्राने हवे तितके दक्षिणेला सरकता येते. तसे सरकल्यावर अगस्त्य वर आला आणि चिंगी अंधारात ओरडली, ‘आप्पांचा तारा!’ पुढच्या रांगेतून शुकशुक झाले. तिला गप्प करण्याची जबाबदारी ज्याची होती, तो त्या वेळी बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

बाहेर पडताना स्मरणवस्तूंचे दुकान लागते. तेथे काहीही घेतलेले नाही.

पार्सल पोचले. मेतकूट शाबूत, चकल्यांचा चुरा, तोही संपला. पुढच्या खेपेस चकल्या पाठवू नयेत, त्या वजनाचे मेतकूटच पाठवावे.