रॅमखाऊ साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय फोटो-व्यवस्थापन सॉफ्टवेअरसाहेब,
मुक्काम सी ड्राइव्ह, शहादा, जि. नंदुरबार

विषय: आपल्या भुकेबाबत.
संदर्भ: आपली ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही रोजची पाटी.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, सकाळी आपल्यावर क्लिक केल्यावर निदान चहा उकळेपर्यंत तरी आपण उघडावे. सध्या चहा उकळतो, पिऊन होतो, कप विसळून होतो, आणि आपलं निळं कडं गोल गोल फिरतच असतं. बाकावर नवरदेवाचे वडील बसलेले. ‘भो, लगनना फोटू कव्हय देशी?’ मी पडद्याकडे बोट दाखवतो. त्यांना वाटतं, मीच बहाणे करतोय. आपली अब्रू राखायची म्हणून मी गप्प बसतो, याची कृपया नोंद घ्यावी.

संगणक दुरुस्तीवाल्याचं औषध ठरलेलं आहे: रॅम टाका. हँग होतंय, रॅम टाका. थंबनेल काळं दिसतंय, रॅम टाका. कार्ड रीडर कार्ड घेत नाही, तरी एकदा रॅम टाकून बघा. आणि आपण त्याचीच री ओढता. आपल्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात ‘किमान ८ जीबी, शिफारस १६ जीबी’ असं छापलेलं असतं. लाइटरूम क्लासिकसारखं नावाजलेलं सॉफ्टवेअरही हेच दोन आकडे सांगतं. पण त्या आकड्यापुढे ‘किती फोटोंसाठी’ हे नसतं. माझ्याकडे दहा हजार फोटो असले तरी आठ, आणि दोन लाख असले तरी आठच? की दोन लाखांना एकशेसाठ? त्रैराशिक आम्ही शाळेत शिकलो आहोत, साहेब. पण ते मांडायला एक तरी खरी किंमत हातात द्याल की नाही?

आपण देत नाही, म्हणून मीच पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग. रंगाला दोन बाइट धरले, म्हणजे ज्याला १६ बिट म्हणतात तसं काम केलं, तर एक फोटो मेमरीत १४४ एमबी जागा घेतो. कार्डावर तो पंचवीस-तीस एमबीचाच दिसतो, कारण तिथे तो आवळून बांधलेला असतो. उघडला की पसरतो. त्याची आधीची प्रत, नंतरची प्रत, पुढचे दोन-चार फोटो तयार ठेवायचे, वर विंडोजचे स्वतःचे दोन-तीन जीबी. तोरणमाळला सीताखाईच्या कड्यावर उभं राहून डावीकडून उजवीकडे आठ फोटो घेतले आणि ते जोडून एक लांबलचक चित्र करायचं म्हटलं, तर नुसते कच्चे फोटोच १.१ जीबीच्या वर जातात. जोडताना आपण त्यांच्या वाकवलेल्या, ताणलेल्या प्रती काढता, ते वेगळंच. काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर काढलेले, नाचणाऱ्या बुध्यांचे फोटो, मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे, अंगावरचे पांढरे ठिपके, आणि त्या ठिपक्यांत मिसळलेले अंधाराचे दाणे. ते दाणे पुसायला बसलात की आपल्याला ग्राफिक कार्डाचीही मेमरी लागते. हे सगळं मान्य. इथे आपण मागाल तेवढी रॅम द्यावी, याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती आपण काहीच करत नसताना खाता त्याबद्दल. मी फक्त विचारतो, ‘२०१९च्या फेब्रुवारीतलं तळोद्याचं लग्न कुठे आहे?’ एवढ्यासाठी काय लागतं? प्रत्येक फोटोचं नाव, तारीख, कॅमेरा, लेन्स, तारे, चार खुणेचे शब्द. फोटोमागे चार केबी धरा. दोन लाख फोटोंची सगळी वही ८०० एमबीत मावते, आणि तीसुद्धा डिस्कवर. अशी वही बहुतेक ठिकाणी एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असते. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग त्यातच आहे, फुकट मिळणारं डिजिकॅमही सुरुवातीला तेच वापरतं. हा एसक्यूलाइट, त्याला कोणी वेगळं सांगितलं नाही तर, वहीची पानं हाताशी ठेवायला सुमारे २ एमबी मेमरी घेतो. जीबी नव्हे, एमबी. डिजिकॅमवाले लाखाच्या पुढे फोटो गेले की मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीकडे वळा म्हणतात. तिथेही ते वही बदलायला सांगतात, घर बांधायला नाही.

सगळं पोटात न घेताही काम कसं चालतं, याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. दहा बोटं, दोन बुबुळं, एक चेहरा आणि बदल्यात बारा आकडे. आज आधारमध्ये शंभर कोटींहून जास्त चेहरे नोंदलेले आहेत. पण रेशन दुकानातलं ते मुठीएवढं यंत्र शंभर कोटी चेहरे पोटात घेऊन बसतं का? ते आकडा पाठवतं, बोट पाठवतं, आणि पलीकडे त्या एकाच नोंदीशी ताडून पाहिलं जातं. सगळ्यांशी ताडायची वेळ येते ती नवीन माणूस नोंदवताना, तो आधी दुसऱ्या नावाने येऊन गेला का, हे बघायला. ते काम मोठ्या केंद्रात होतं, दुकानदाराच्या गल्ल्याजवळ नाही. कुठल्या वेळी काय लागतं, एवढा पोच त्या व्यवस्थेला आहे. आपल्याला?

आपण उघडता क्षणी सगळी चित्रं पुढ्यात मांडायला घेता. २५६ बाय २५६ ठिपक्यांचं एक थंबनेल मेमरीत पाव एमबी घेतं. दोन लाखांचं झालं पन्नास जीबी. पडद्यावर मला एका वेळी दिसतात पन्नास, त्यांना तेरा एमबी पुरतात. म्हणजे पावशेर मिरची मागितली, तर आपण गोदाम उघडून नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर सगळा माल अंथरता आणि वर मलाच म्हणता, पथारी लहान पडतेय, शेजारचं वावर घ्या.

मेमरी भरली की काय होतं, हेही लोकांना कळू द्या. उरलेला पसारा विंडोज डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. रॅममधून वस्तू आणायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून दहा मिलिसेकंद. लाख पटींचा फरक. त्या वेळी डिस्कमधून कुरकुर आवाज येतो, दिवा लुकलुकत नाही, सरळ पेटून राहतो, आणि माऊसचा बाण दोन सेकंदांनी मागे येतो. खरं तर अशा वेळी कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू एका छोट्या एसएसडीवर हलवले तरी निम्मं दुखणं जातं. पण हे दुरुस्तीवाला सांगत नाही आणि आपण तर मुळीच नाही.

आपल्या चेहरे ओळखण्याच्या हौसेबद्दलही बोलायला हवं. एका चेहऱ्याचं माप आपण आकड्यांत साठवता. नेहमीच्या पद्धतीत १२८ आकडे, म्हणजे अर्धा केबी. माझ्या सगळ्या लग्नांतले तीन लाख चेहरे धरले तरी दीडशे एमबी. हे खोलीच्या कोपऱ्यात मावतं. मग रात्रभर पंखा सुटलेला का असतो? कारण चेहरा शोधायला आपण प्रत्येक मूळ फोटो पुन्हा पुरा उघडता, आणि बंद करायला विसरता. सारंगखेड्याच्या यात्रेचे फोटो घालून बघितले. दत्तजयंती, तापीचा काठ, घोड्यांचा बाजार. पांढराशुभ्र नुकरा मागच्या पायांवर उभा राहतो तेव्हा कोणताही फोटोग्राफर बटणावरचं बोट उचलत नाही. एकाच घोड्याचे वीस फोटो, शेपटी तेवढी इकडची तिकडे. आपण त्या घोड्याच्या तोंडाभोवती चौकट आखलीत आणि विचारलंत, ‘ही व्यक्ती कोण?’

एके काळी पिकासा नावाचं सॉफ्टवेअर होतं. गुगलने ते २००४मध्ये घेतलं आणि २०१६मध्ये बंद केलं. ज्या दिवसांत सायबर कॅफेत ५१२ एमबी रॅम म्हणजे श्रीमंती होती, त्या दिवसांत ते हजारो फोटोंतून सरसर खाली-वर करू द्यायचं. त्या काळचे ३२ बिटवाले संगणक चार जीबीच्या पुढे मोजूच शकत नव्हते, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हात राखून वागावं लागे. पुढे कुंपण गेलं आणि आपण मोकाट सुटलात. पिकासाची बरोबरी मी करत नाही. आजचे फोटो मोठे, कामं अवघड. पण सरकवणं म्हणजे सरकवणंच, साहेब. त्यात नवीन काय आलं?

बरं, रॅम घ्यायची म्हटली तरी २०२५च्या अखेरीपासून भाव पाहा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला घेतली आणि कारखानदारांनीही तोंड तिकडेच वळवलं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये आपल्या-माझ्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा क्रूशिअल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. शहाद्यात माल सुरतेहून येवो की नाशिकहून, दुकानदार किंमत सांगण्याआधी आता खुर्ची पुढे सरकवतो.

तरी माझं मागणं फार नाही. आठ-सोळाच्या पुढे, किती फोटो आणि कुठलं काम, हे लिहा. वही चाळायला इतकी, फोटो सुधारायला इतकी, जोडायला इतकी. आपण या क्षणी मेमरी कशावर उडवताय ते एका कोपऱ्यात दाखवा. आणि मी ‘चार जीबीच्या वर जाऊ नका’ म्हटलं तर जाऊ नका, हळू चाला, पण चाला. हे जमत नसेल तर ‘किमान’ हा शब्द काढून तिथे ‘सुरुवातीला’ घाला. लग्नाच्या खर्चातही आम्ही तोच शब्द वापरतो.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी वर्षावर्षाचे वेगळे कॅटलॉग करीन आणि आपल्याला एका वेळी एकच वर्ष वाढीन.

कळावे,

आपला नाइलाजाने,
एक स्टुडिओवाला, शहादा

ता. क. हे पत्र टाइप होईपर्यंत आपण एका लग्नातल्या नवरीच्या मामांना फेटा घातलेले, फेटा काढलेले आणि जेवणानंतरचे अशा तीन निरनिराळ्या व्यक्ती म्हणून नोंदवलंत. अल्बमचे पैसे मामाच देणार आहेत. तीनदा मागू का?