आवाज वाढवण्याची विहित कार्यपद्धती

विषय : कीबोर्डाच्या वरच्या ओळीत कर्णा, बाण व उभ्या रेघा छापलेल्या बटणांना लिनक्सवर कामाला लावणे.

प्रस्तावना : वाशीम ते मानोरा, झेरॉक्सच्या कोणत्याही दुकानात जा. कीबोर्डावर कर्ण्याचं बटण कोरं करकरीत असतं, कारण त्याला कुणी हात लावत नाही. स्पीकरवर भजन, समोर पीक विम्याचा फॉर्म. "भाऊ, आवाज कमी करा ना थोडा," असं गिऱ्हाईक म्हणालं की भाऊ माउस शोधतात. माउस सातबाऱ्यांच्या गठ्ठ्याखाली असतो. तो सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. ही राष्ट्रीय हानी टाळण्यासाठी हे मार्गदर्शन.

पात्रता : उबुंटू, मिंट किंवा सी-डॅकचं बॉस यांपैकी काहीही चालेल. विंडोजवाल्यांनी पुढे वाचून मन विचलित करून घेऊ नये.

पायरी १. बटण दाबा. आवाज बदलला तर अभिनंदन. गनोम, केडीईसारखे डेस्कटॉप ही बटणं बहुधा स्वतःच ओळखतात. अशा भाग्यवंतांनी इथेच थांबावं. खरा लिनक्सवाला मात्र थांबत नाही. चालतंय ते का चालतंय, हे कळेपर्यंत त्याला जेवण जात नाही.

पायरी २. अर्ज अडला कुठे, ते शोधा. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्याच्या चकरा मारलेल्यांना ही पायरी समजावून सांगावी लागणार नाही. बटण दाबणं म्हणजे आवाज वाढवणं नव्हे; तो नुसता अर्ज आहे. पहिलं टेबल कर्नलचं. तिथे आवाजवाढीच्या अर्जाला आवक क्रमांक ११५ मिळतो. दुसरं टेबल एक्स सर्व्हरचं. तिथले क्रमांक ८ पासूनच सुरू होतात, म्हणून तोच अर्ज १२३ होतो. तिसऱ्या टेबलावर त्याला 'एक्सएफ८६ऑडिओरेजव्हॉल्यूम' हे नाव लाभतं. यातलं ८६ हे इंटेलच्या ३८६ जमान्यात सुरू झालेल्या एक्सफ्री८६ प्रकल्पाचं स्मारक आहे. टेबलं बदलतात, जुने शिक्के राहतात.

टर्मिनलमध्ये 'एक्सईव्ही' ही आज्ञा चालवून बटण दाबा. १२३ उमटलं तर अर्ज दुसऱ्या टेबलापर्यंत पोचला. काहीच उमटलं नाही, तर दोन शक्यता : लॅपटॉपवर 'एफएन' दाबायचं राहिलं, किंवा डेस्कटॉपनं अर्ज मधल्यामध्ये उचलला. खातरजमेसाठी 'ईव्हीटेस्ट' सुडोसह चालवून थेट पहिल्या टेबलाचं रजिस्टर तपासावं. लेआउट मराठी इनस्क्रिप्ट असो की इंग्रजी, या बटणाचा क्रमांक तोच राहतो. भाषेवरून इथे अडवणूक नाही.

पायरी ३. अधिकारी नेमा. सेटिंग्ज, मग कीबोर्ड, मग शॉर्टकट्स, मग 'कस्टम शॉर्टकट्स'. आज्ञेच्या रकान्यात 'पीएसीटीएल'ची पाच टक्के वाढीची आज्ञा लिहा आणि बटण नेमून द्या. दक्षता : ही आज्ञा शंभर टक्क्यांवर थांबत नाही. वरातीतला डीजेही थांबत नाही, पण त्याला परत दुकान उघडायचं नसतं. पाइपवायर असलेल्या नव्या प्रणालींवर 'डब्ल्यूपीसीटीएल' वापरून कमाल मर्यादा १.० घालता येते, घालावीच.

पायरी ४. भजन थांबवा. त्यासाठी 'प्लेअरसीटीएल' बसवा व 'प्ले-पॉज' ही आज्ञा जोडा. ब्राउझर आणि व्हीएलसी दोन्ही उघडे असतील तर थांबवायचं एक आणि थांबतं दुसरं, असं होऊ शकतं. म्हणून आज्ञेत प्लेअरचं नाव घाला. नाव न घातलेला आदेश कुणालाही लागू होतो, हे कार्यालयीन सत्य इथेही आहे.

पायरी ५. कर्ण्याचं बटणच नसलेल्या जुन्या कीबोर्डांसाठी दुसरी जोडी निवडा. उदाहरणार्थ सुपर आणि एफ१२. हौसेनं कंट्रोल, ऑल्ट, एफ३ निवडू नका. पडदा काळा होतो, लॉगिन विचारतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपला सातबारा गेला. घाबरू नका. तसंच कंट्रोल, ऑल्ट धरून एफ१ किंवा एफ२, आणि मिंटवर एफ७ दाबा, सगळं जागेवर असतं.

अपेक्षित खर्च : शून्य रुपये व एक अख्खी संध्याकाळ. स्पीकरला गोल खुंटी असते, ती फिरवली तरी आवाज कमी होतो, ही माहिती सदर मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

निष्कर्ष : बटण दाबून काही घडलं नाही, तर ते आणखी जोरात दाबू नये. अर्ज कुठल्या टेबलावर आहे आणि त्या टेबलावर कुणी बसलंय का, एवढंच पाहावं. हा नियम फक्त कीबोर्डापुरता आहे, असा गैरसमज कृपया करून घेऊ नये.