आद्य शिलालेखाचे पान : स्वयंसेवकांसाठी कार्यपद्धती

मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश आहे, म्हणजे त्यातील पान वाचता वाचता वाचकाला ते दुरुस्तही करता येते, आणि या सोयीचा लाभ 'मराठीतील आद्य शिलालेख' यासारख्या विषयांना विशेष मिळत असल्यामुळे तेथे काम करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकाने सर्वप्रथम आपला जिल्हा निश्चित करावा. इतर विषयांत अभ्यासक पुरावा पाहून पक्ष ठरवतो. येथे जन्मदाखला पुरतो. रायगडकराने अलिबागजवळच्या अक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा लेख आद्य मानावा आणि सोलापूरकराने भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या ओळी कर्नाटकात असल्याने त्यांच्या पक्षाला महाराष्ट्रात जिल्हा नाही. तो पक्ष शालेय पुस्तकाच्या बळावर लढतो, आणि त्या पुस्तकात शके ९०५ हे वर्ष लहानपणीच पाठ करून घेतलेले असल्यामुळे त्याच्याइतका निश्चिंत लढवय्या दुसरा आढळत नाही.

सहा वर्षांनी मागे पडलेल्या सोलापूरकराने, अक्षीच्या लेखातील अंक वेगळे वाचून तो सुमारे दोनशे वर्षे अलीकडे आणणाऱ्या अभ्यासकांचा आदरपूर्वक उल्लेख करावा. श्रवणबेळगोळची पहिली ओळ मूर्ती घडवून घेणाऱ्या चावुंडरायाच्या काळातली नसून, बाराव्या शतकात होयसळ सेनापती गंगराजाने मूर्तीभोवतीचे आवार बांधवले तेव्हा दुसऱ्या ओळीबरोबरच कोरली गेली असावी, हे मत मात्र रायगड आणि सोलापूर या दोघांनाही तत्काळ पटते, आणि त्या मुद्द्यावर त्यांची युती होते, ती बहुधा संध्याकाळपर्यंत टिकते.

कालगणनेचे ज्ञान आवश्यक आहे. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या मितीला ७९ मिळवावे लागतात, आणि कोरणाऱ्याने सरलेले वर्ष दिले की चालू वर्ष, यावर आणखी एका वर्षाचा फरक पडू शकतो. शिळेवर संवत्सराचे नाव असल्यास ते अवश्य पडताळावे. दक्षिणेतील पद्धतीप्रमाणे शकात १२ मिळवून ६० ने भागले असता उरणारी बाकी हा प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक असतो; ९३४ मध्ये १२ मिळवल्यावर ९४६ होतात, बाकी ४६ उरते, सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी, आणि अक्षीच्या लेखात 'प्रधावी' असेच कोरलेले आहे. ही बाकी काढल्यावर रायगडकराला जो आनंद होतो त्याला सीमा नसते, परंतु तो पानावर मांडता येत नाही, कारण ज्ञानकोशात स्वतःच्या संशोधनास, म्हणजे कोणीही आधी प्रसिद्ध न केलेल्या निष्कर्षास, मज्जाव आहे. साधी बेरीज चालते. तिच्यावरून प्रतिपक्षाचा निकाल लावणे चालत नाही. तो निकाल तज्ज्ञाने लिहून छापलेला दाखवावा लागतो.

छापलेले म्हणजे बहुतेक वेळा शं. गो. तुळपुळे यांचे १९६३ सालचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख'. या ग्रंथाचा हवाला देण्यापूर्वी तो उघडण्याची प्रथा नाही, तरी ती सुरू करण्यास हरकत नसावी.

एकाने केलेला बदल दुसऱ्याने पुसून पान पूर्वस्थितीला आणणे यास 'उलटवणे' म्हणतात. इंग्रजी आवृत्तीत चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवण्यास बंदी आहे, म्हणून तेथील अनुभवी संपादक चौथ्या वेळेसाठी पंचविसाव्या तासाची वाट पाहत जागा राहतो. मध्ययुगात ही व्यवस्था अधिक सुटसुटीत होती. दानाच्या शिळेवर गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला आईवरून घातलेली आणि गाढवासह चित्रित केलेली शिवी, कोरून ठेवली की प्रचालकाची, म्हणजे नियम मोडणाऱ्या संपादकाला रोखणाऱ्याची, गरज भासत नसे. हल्ली तेच काम चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या वादाच्या पानावर, सौम्य शब्दांत आणि सहीनिशी करावे लागते, आणि 'आपल्या मताचा आदर आहे' अशी सुरुवात असलेला परिच्छेद शेवटी गाढवापर्यंतच पोहोचतो. कुडलच्या लेखात तर जो वाचेल तो विजयी होईल असे सरळ आश्वासन आहे, पण या वादातल्या कोणाला त्याचा मोह पडल्याचे दिसत नाही. सगळे न वाचताच जिंकायला निघालेले असतात.

छायाचित्राबाबत मात्र थट्टा बाजूला ठेवणे भाग आहे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून शिळेवर खडू, हळद किंवा ऑइलपेंट भरू नये. रंगवणारा जे वाचतो तेच रंगवतो आणि पुढच्या प्रत्येकाला त्याचीच चूक दिसत राहते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश बाजूने तिरपा पडत असताना, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि ते मुक्त परवान्याखाली चढवावे. हे कोण करतो असे पाहिल्यास, ज्याच्या हटवादीपणाला सारे चर्चापान कंटाळलेले असते तोच गृहस्थ रविवारी एस.टी.ने जाऊन, पाटी नसलेला रस्ता विचारत, चार बाजूंनी शिळा टिपून आलेला असतो. तटस्थ संपादक घरीच असतात. त्या छायाचित्राखाली तो 'मराठीचा पहिला शिलालेख' असे लिहितो. ते बदलून 'शके ९३४ चा मानला जाणारा लेख, काही अभ्यासकांच्या मते नंतरचा' असे करावे, पण छायाचित्राबद्दल त्याचे आभार आधी मानावेत.

एवढे होऊनही वाद रायगडच्या विरुद्ध जात असल्यास रायगडकराने शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट काढावा. तो शिळेवर नसून तांब्याच्या पत्र्यावर असल्यामुळे त्याचे आद्यत्व निराळे मांडता येते, त्यासाठी स्वतंत्र पान उघडता येते, आणि स्वतंत्र पानाला चर्चापानही स्वतंत्र मिळते.