निवडणुकीचा मुहूर्त

परभणीत लग्नाची तारीख पंचांग ठरवतं. निवडणुकीच्या तारखेसाठी मात्र मार्च 2022 मध्ये राज्याने खास कायदाच केला. प्रभाग आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने आपल्याकडे घेतला आणि तारखा ठरवतानाही आयोगाने सरकारशी सल्लामसलत करावी, अशी सोय करून ठेवली. एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे पक्ष या विधेयकावर एकमुखी होते. कारण ओबीसी आरक्षणाचं. तो प्रश्न खराच होता. पण सोयही तेवढीच खरी.

पालिकेची पाच वर्षं संपण्याआधीच निवडणूक घ्या, असं संविधानाचा अनुच्छेद 243-यू सांगतो. 4 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. मे 2025 मध्ये म्हणालं, चार महिन्यांत उरका. मग सप्टेंबरात मुदत वाढली, 31 जानेवारी 2026 पर्यंत. त्या दोन आठवड्यांची अशी जवळजवळ पावणेचार वर्षं झाली.

मधल्या काळात महापालिकेत प्रशासक. ना सभात्याग, ना पक्षांतर, ना सहलीला नेऊन ठेवलेले नगरसेवक. केवढी शांतता! नाली तुंबली तर शिव्या द्यायलाही हक्काचा माणूस नाही, एवढीच काय ती गैरसोय.

एप्रिल 2017 नंतर परभणीकरांनी महापालिकेसाठी मत दिलं ते थेट 15 जानेवारी 2026 ला. या सभागृहाची मुदत 2031 मध्ये संपेल. मंडळी, आत्ताच लिहून ठेवा. सरकारला आठवण करून द्यावी लागेल.