चारपैकी सव्वाचार

एडिसन, न्यू जर्सी
९ जुलै २०२०

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न.

काल चि. ओंकारचं ग्रॅज्युएशन एकदाचं पार पडलं. व्हिडिओ कॉलवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ते वेगळंच ऐकतात, म्हणून सगळं लिहून काढतेय. पानांचे फोटो दादाला पाठवते. दादा, मोठ्याने वाच आणि मधलं गाळू नकोस.

जूनमधला समारंभ करोनाने खाल्ला. मग गव्हर्नर मर्फींनी ६ जुलैपासून उघड्यावर, पाचशे माणसांच्या आत, परवानगी दिली. शाळेने मुलांच्या तुकड्या पाडल्या, फुटबॉलच्या मैदानावर सहा-सहा फुटांवर खुर्च्या मांडल्या आणि एका मुलामागे दोनच पाहुणे असा नियम काढला. त्यामुळे त्याच्या धाकट्या बहिणीने, सईने, सोहळा घरी बसून यूट्यूबवर पाहिला, तुमच्यासारखाच. जुलैचं ऊन, अंगात पायघोळ काळा गाऊन, तोंडावर मास्क! नाव पुकारलं की टेबलावरचं प्रमाणपत्र आपलं आपण उचलायचं, हस्तांदोलन नाही. पुकारलेलं नाव आपल्याच मुलाचं आहे, हे तो उठल्यावर आम्हाला कळलं. नेमकी तेव्हाच सांगलीत वीज गेली म्हणे. असो, रेकॉर्डिंग आहे.

फोटोंत ओंकार सगळीकडे टोपी घालून आहे, ते संस्कार नव्हेत. इथली सलून २२ जूनला उघडली, पण त्याआधीच तुमच्या जावयांनी त्याच्या डोक्यावर ट्रिमर चालवला होता. डाव्या कानामागे अजून जमीन दिसते.

शाळेने दारात लावायला त्याच्या फोटोची पाटी दिलीय, त्यामुळे महिनाभर आमचा मुलगा नगरपालिकेला उभा राहिल्यासारखा हिरवळीवर उभा आहे. संध्याकाळी त्या पाटीसमोरून आपल्या मराठी मंडळींच्या गाड्या फुगे बांधून, हॉर्न वाजवत गेल्या. इथे एरवी कुणी हॉर्न वाजवत नाही, त्यामुळे प्रत्येकाने वर्षानुवर्षांची हौस भागवून घेतली. समोरच्या आजीबाई घाबरून बाहेर आल्या, आणि मग त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. मोठा केक मिळालाच नाही. गर्दी जमू नये म्हणून दुकानाने मोठे केकच बंद केलेत. मग मी शिरा केला, डबे भरले आणि सईने ते गाडीच्या खिडकीतून एकेकाला दिले.

आई, औक्षण केलं हो. पाट अंगणात मांडला, ओंकारला गाऊनसकट बसवला. मी आपली दोन्ही हातांना सॅनिटायझर चोळून निरांजन लावायला निघाले, तर हे केवढ्याने ओरडले! त्यात अल्कोहोल असतं, भडका उडेल म्हणे. मग हात साबणाने धुऊन, पुसून, पुन्हा सुरुवात. तोवर शेवटची गाडीही निघून गेली होती, त्यामुळे ओवाळतानाच्या फोटोत पाहुणा एकही नाही.

आता बाबांचा प्रश्न: टक्के किती? बाबा, इथे टक्के नसतात, चारपैकी गुण असतात. ओंकारला सव्वाचार मिळालेत. गणिताचे निवृत्त शिक्षक हे वाचून चष्मा पुसतील, ठाऊक आहे. पण कठीण विषय घेतले की वर जादा गुण देतात, म्हणून चारपैकी सव्वाचार होतात. हे मलाही पटलेलं नाही. पण मुलगा आपला आहे, तेव्हा पटवून घेतलंय.

पुढे रटगर्स विद्यापीठ. सोमवारीच त्यांनी जाहीर केलं की सप्टेंबरपासूनचे बहुतेक वर्ग ऑनलाइन. म्हणजे वसतिगृहासाठी घेतलेल्या चादरी, टेबल लॅम्प आणि कपड्यांची टोपली हे सगळं जिना चढून त्याच्याच खोलीत गेलंय. मुलगा लांब जाणार म्हणून मी मार्चपासून हळवी होत होते; आता तो रोज दुपारी बाराला उठून न्याहारी मागतो, तेव्हा हळवेपणा पार उतरतो.

दादा सांगत होता, बाबांनी वाड्यात पेढे वाटायचं ठरवलंय. वाटा, पण बाबा, मास्क लावून, पुडा दारात ठेवून मागे सरका. आणि कृपा करून नातू इंजिनिअर झाला असं कुणाला सांगू नका. तो बारावी झालाय.

तुमची,
मंजू